फ्लेक्सवरचे निळे दादा आणि रंग बदलणारी जेली

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स कुणी उतरवलाच नाही, तर सहा महिन्यांनी त्याचं काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आधी कपाळावरचा टिळा जातो, मग फेट्याचा भगवा उडतो, आणि शेवटी दादा, खाली गोल चौकटींत बसलेले शुभेच्छुक आणि मागचा किल्ला असे सगळेच निळे होऊन उरतात. छपाईत चार शाया असतात: पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी. पहिल्या दोन उन्हाला लवकर शरण जातात, उरलेल्या दोन तग धरतात.

म्हणजे तो फ्लेक्स तिथे नुसता लटकत नव्हता, आपल्यावर किती ऊन पडलं याची नोंद ठेवत होता. नोंद अगदीच गबाळी, कारण तिच्यात दिसणारा प्रकाश, अतिनील किरण, उष्णता, पाऊस आणि शाईचा दर्जा हे सगळंच कालवलेलं असतं. पण मूळ कल्पना पक्की आहे. प्रकाशाने रंग बदलतो, आणि किती बदलला हे मोजता आलं तर किती प्रकाश पडला तेही सांगता येतं. ही कल्पना प्रयोगशाळेत नेली, बाकीची भेसळ काढून टाकली, की हाती येते रंग बदलणारी जेली. चमचाभर जेली, छोट्याशा पारदर्शक कुपीत. उन्हात ठेवा, संध्याकाळी रंग बघा आणि दिवसभराचा अतिनील किरणांचा हिशेब घ्या. ऐकायला इतकं सोपं असलेलं हे काम कुठे कुठे अडतं, ते बघण्यासारखं आहे.

पण आधी मोजायचं काय हे ठरवू. पावसाचं आपल्याला चटकन कळतं. ‘जोरात पडतोय’ ही एक गोष्ट आणि ‘आज ९० मिलिमीटर झाला’ ही दुसरी. पहिला जोर, दुसरा साठा. अतिनील किरणांचंही तसंच. हवामानाच्या ॲपवर दिसणारा यूव्ही इंडेक्स हा जोर आहे, या क्षणाचा. कॅनडाने १९९२ मध्ये तो सुरू केला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो जगभरासाठी एकसारखा करून घेतला. ८ ते १० म्हणजे अति जास्त, ११ आणि पुढे म्हणजे टोकाचा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो ११ च्या पुढे सहज जातो. मे महिन्यात शून्य सावली दिवस राज्याच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो, म्हणजे सूर्य एकेका गावाच्या बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे यात नवल नाही.

त्वचेला मात्र साठ्याशी मतलब असतो. इंडेक्सचा प्रत्येक आकडा म्हणजे दर चौरस मीटरवर २५ मिलिवॅट, तेही त्वचा भाजण्याच्या हिशेबाने मोजलेले. इंडेक्स १० असेल तर २५० मिलिवॅट. साठा मोजायचं प्रमाण एकक आहे दर चौरस मीटरवर १०० ज्यूल. भागाकार केला तर असं एक एकक भरायला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत. तासाभरात नऊ. अगदी गोऱ्या युरोपीय त्वचेवर दोन-तीन एककांतच लाली येते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला त्याच्या काही पट लागतं. (डोळ्यांना मात्र ही सवलत नाही. डोळ्यांत वाढणारा वेल आणि मोतीबिंदू कातडीचा रंग विचारून येत नाहीत.)

तर जेली हा अतिनील किरणांचा पर्जन्यमापक. जोर नाही सांगत, एकूण किती पडलं ते सांगते.

ऊन तापतं ते वेगळं, भाजतं ते वेगळं

एवढी यातायात कशासाठी, असं वाटेल. ऊन तर आपल्याला कळतंच. पण आपल्याला कळते ती उष्णता, आणि ती मुख्यतः दिसणाऱ्या प्रकाशातून आणि अवरक्त किरणांतून येते. अतिनील किरण जाणवत नाहीत. महाबळेश्वरला गार वाऱ्यात वेण्णा तलावाकाठी मक्याचं कणीस खात बसलेल्या माणसाला ऊन ‘लागत’ नाही, पण उंचीवर दर १००० मीटरला अतिनील साधारण १० टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तिथे ते वाईपेक्षा कमी नाहीच, थोडं जास्तच. उलट एसटीच्या बंद काचेशी बसून भाजून निघालेल्या प्रवाशाला त्वचा लाल करणारे किरण जवळजवळ मिळतच नाहीत, कारण काच ते अडवते.

आपल्या इंद्रियांना हे किरण दिसत नाहीत, म्हणून त्यांचा शोधसुद्धा रंग बदलणाऱ्या कागदानेच लागला. १८०० साली विल्यम हर्शेल यांना लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नाही तिथे, थर्मामीटर चढलेला आढळला. ते वाचून जर्मनीतल्या येना गावी योहान रिटर यांनी दुसरं टोक तपासायचं ठरवलं. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात काळं पडतं हे माहीत होतं. त्यांनी त्याचा लेप दिलेला कागद लोलकातून आलेल्या रंगांच्या पट्ट्यावर धरला. सगळ्यात आधी काळा पडला तो जांभळ्याच्याही पलीकडचा, अंधारा भाग. साल १८०१. मीटर नाही, वीज नाही. पहिला अतिनील मापक म्हणजे एक काळा पडलेला कागद.

विसरणारा रंग आणि लक्षात ठेवणारा रंग

रंग बदलणाऱ्या वस्तूंची दोन कुळं आहेत, आणि त्यांत गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो.

पहिलं कुळ विसराळू. उन्हात काळ्या होणाऱ्या चष्म्याच्या काचा याच कुळातल्या, आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारे, खिडकीबाहेर धरले की जांभळे-गुलाबी होणारे मणीही. यांतल्या रेणूचा एक बंध अतिनील किरणाने तुटतो, रेणू उघडून सपाट होतो आणि दिसणारा प्रकाश शोषायला लागतो. सावलीत आलं की उष्णतेने तो पुन्हा मिटतो. म्हणजे उघडणं किरणांच्या हाती आणि मिटणं तापमानाच्या. यातून एक विचित्र गोष्ट घडते. अशा काचा थंडीत जास्त गडद होतात. लेहमध्ये डिसेंबरात त्या काळ्या कुळकुळीत होतील आणि नागपूरला मेमध्ये, जिथे त्यांची खरी गरज, तिथे अर्ध्यावरच थांबतील, कारण उष्णता त्यांना भराभर मिटवत राहते. गाडीत बसलं की तर त्या काम करणंच सोडतात. समोरची काच अतिनील आधीच गाळून घेते. हे कुळ ‘आत्ता किरण आहेत का’ एवढं सांगेल. ‘सकाळपासून किती’ हे विचारू नये.

दुसरं कुळ लक्षात ठेवणारं. इथे झालेला बदल परत फिरत नाही. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या डेव्हिस, डीन आणि डिफी यांनी पॉलिसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकची पातळ फिल्म पुढे आणली. शर्टावर बिल्ल्यासारखी लावायची, दिवसअखेर उपकरणात ठेवून तिची पारदर्शकता किती घटली ते बघायचं. शाळकरी मुलं, माळी, समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक यांच्यावर दिवसभरात किती अतिनील पडतं याची बरीचशी माहिती अशा बिल्ल्यांतून जमली. पण त्या फिल्ममधला बदल नुसत्या डोळ्याला दिसत नाही. तो ३३० नॅनोमीटर लांबीच्या लहरींवर, म्हणजे अतिनीलातच, मोजावा लागतो. जेली इथे पुढे जाते. तिचा बदल डोळ्याला दिसतो.

जेलीच्या पोटात काय

जेलीची गोष्ट खरं तर क्ष-किरणांपासून सुरू होते. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या ह्यूगो फ्रिके यांनी १९२७ साली दाखवलं की आम्लात विरघळवलेल्या फेरस लोहावर क्ष-किरण पडले की त्याचं फेरिक होतं, आणि किती झालं त्यावरून किरणांचा डोस कळतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी मोहर सॉल्ट आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन केलंय, त्यांनी हेच रूपांतर हाताने केलंय. थेंब थेंब टाकत, ‘फिकट गुलाबी आला का रे?’ असं शेजाऱ्याला विचारत. फ्रिके यांच्या पद्धतीत ब्युरेटची जागा किरण घेतात.

द्रवात अडचण अशी की सगळं ढवळून एक होतं. किरण कुठे जास्त पडले, कुठे कमी, ते पुसलं जातं. १९८४ मध्ये जॉन गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच द्रावण जेलमध्ये गोठवायची वाट दाखवली. कर्करोगाच्या उपचारात गाठीला किती किरण मिळाले आणि शेजारच्या निरोगी भागाला किती, हे तिन्ही मितींत बघायचं होतं. पुढे त्यात झायलेनॉल ऑरेंज नावाचा रंगदर्शक घालायची रीत पडली. आता फेरिक लोह तयार झालं की ते या रंगदर्शकाला चिकटतं आणि पिवळसर जेली जांभळी होते. मग हीच जेली अतिनील किरणांखाली धरून पाहणं ओघानेच आलं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. क्ष-किरण पाण्याचा रेणूच फोडतात आणि त्या तुकड्यांतून पुढची रासायनिक धावपळ होते. सूर्याच्या अतिनील किरणांत तेवढा दम नाही, पाणी त्यांना जवळपास आरपार जाऊ देतं. इथे किरण शोषले जातात ते जेलमधल्या दुसऱ्या रेणूंकडून: लोह, रंगदर्शक, खुद्द जिलेटिन. त्यामुळे ‘क्ष-किरणांना चालते तर अतिनीलालाही चालेल’ असं गृहीत धरता येत नाही. प्रत्येक जेलीची अतिनीलासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागते.

फ्रिके जेलीची दोन दुखणी आहेत. एक, फेरिक लोहाचे आयन जेलमध्ये हळूहळू पसरतात. पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबासारखे नाही, पण काही तासांत कडा फिसकटतात. दोन, तिला अंधारातही चैन नसतं. हवेतल्या ऑक्सिजनने फेरस आपोआप फेरिक होत राहतं आणि जेली काहीही न ‘बघता’ रंगत जाते.

यावर मला आवडलेलं उत्तर पोलंडमधल्या वूच शहरातून आलं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात मारेक कोझिट्स्की यांच्या गटाने टीटीसी नावाचा टेट्राझोलियम क्षार जेलीत घातला. कृषी शाखेच्या मंडळींना टीटीसी नवा नाही. बियाणं जिवंत आहे का हे बघायला भिजवलेलं बी उभं कापून याच्या द्रावणात ठेवतात. जिवंत भ्रूण लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. बियाण्यात ते काम जिवंत पेशींतली विकरं करतात. जेलीत तेच काम अतिनील किरण करतात: रंगहीन टीटीसीचं लाल फॉर्माझान होतं. आणि फॉर्माझान पाण्यात विरघळत नाही. जिथे तयार झालं तिथेच बसून राहतं. पसरण्याचा प्रश्नच मिटला.

त्यांनी जिलेटिनही बदललं, आणि ते आपल्या हवेच्या दृष्टीने महत्त्वाचं. जिलेटिन ३० अंशांच्या आसपास वितळतं. चंद्रपूरला मे महिन्यात जिलेटिनची जेली बाहेर ठेवली तर तासाभरात तिचं सरबत होईल. चायना ग्रास वितळायला ८० अंशांच्या वर जावं लागतं खरं, पण ते गढूळ असतं आणि उकळत्या पाण्यातच विरघळतं. तेवढी उष्णता नाजूक रसायनांना सोसत नाही. पोलंडमधल्या जेलीत प्लुरॉनिक एफ-१२७ नावाचा पॉलिमर आहे, आणि त्याचं वागणं आपल्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या अनुभवाच्या उलट. फ्रीजमध्ये ते पातळ असतं आणि बाहेर काढलं, कोमट झालं, की घट्ट होतं. म्हणजे गार असताना सगळं नीट मिसळा, कुपीत ओता आणि टेबलावर ठेवून द्या. गरम करण्याची भानगडच नाही.

रंगाचा आकडा कसा होतो

‘बरीच लाल झाली’ हे काही मोजमाप नव्हे. कुपीतून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते बघतात. दहावा भाग पोचला तर शोषणांक १, शंभरावा पोचला तर २. प्रकाशातल्या घटीचं असं आकड्यांत रूपांतर केलं की फायदा होतो, कारण शोषणांक हा रंगद्रव्याच्या प्रमाणात सरळ वाढतो. दुप्पट रंग, दुप्पट आकडा. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर साधा कार्यालयीन स्कॅनरसुद्धा बऱ्यापैकी काम देतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल मी जरा साशंक आहे. तो प्रत्येक फोटोत उजेड आणि रंग स्वतःच्या मर्जीने ‘सुंदर’ करतो, आणि आपल्याला सुंदर नाही, खरं हवं असतं.

मग येतं अंशांकन. माहीत असलेल्या दिव्याखाली जेलीच्या कुप्या वेगवेगळा वेळ ठेवायच्या, प्रत्येकीचा शोषणांक घ्यायचा आणि आलेख काढायचा. समजा, १०० ज्यूलला ०.१ आणि २०० ज्यूलला ०.२ मिळाला, तर बाहेर ठेवलेल्या कुपीचा ०.१५ म्हणजे १५०. पण हा आलेख कायम सरळ जात नाही. टीटीसी संपत आलं की रेघ आडवी पडते, आणि तिथून पुढे जेली ‘भरलेली’ असते, तोंडापर्यंत भरलेल्या पर्जन्यमापकासारखी. त्यापुढचा पाऊस वाहून जातो. म्हणून तासाभरासाठी एक जेली, दिवसासाठी दुसरी.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि स्वस्तातली रंगबदलू कार्डं विकणारे तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. अतिनील किरण सगळे सारखे नाहीत. १०० ते २८० नॅनोमीटर म्हणजे यूव्हीसी. सूर्याकडून येणारं हे सगळं वातावरणातच शोषलं जातं. २८० ते ३१५ यूव्हीबी, आणि ३१५ ते ४०० यूव्हीए. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलात ९० टक्क्यांहून जास्त यूव्हीए असतं, पण त्वचा लाल करण्यात त्याचा वाटा किरकोळ. मॅकिनले आणि डिफी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या वक्रानुसार २९८ नॅनोमीटरची भाजण्याची ताकद १ धरली, तर ३१० ला ती ०.०७ वर येते आणि ३४० ला ०.००१ वर.

देवळाची दानपेटी उघडल्यावर आत किती नग आहेत ते मोजलं, तर रक्कम कळत नाही. चिल्लर ढिगाने असते आणि पाचशेच्या नोटा मोजक्या. यूव्हीए ही चिल्लर, यूव्हीबी या नोटा. जी जेली दोन्हींना सारखाच भाव देते, ती फक्त नग मोजते. पॉलिसल्फोनची ख्याती त्याच्या स्वस्ताईपेक्षा यासाठी आहे की ते लहरींना साधारण त्वचेसारखाच भाव देतं. टीटीसीची जेली यूव्हीसी आणि यूव्हीबीला चांगला प्रतिसाद देते, यूव्हीएला कमी. म्हणजे ती त्वचेच्या बाजूने झुकलेली आहे, पण हुबेहूब त्वचा नाही. आणि दिव्याखाली अंशांकन करून तोच आलेख उन्हाला लावला तर चूक होते, कारण दिव्यातली चिल्लर-नोटांची वाटणी वेगळी आणि उन्हातली वेगळी. उन्हातलीही दिवसभर एक नसते. सकाळी आठ वाजता किरण तिरके येतात, ओझोनमधून लांबचा रस्ता कापतात आणि वाटेत नोटाच जास्त गळतात.

कुपी कशाची, हाही प्रश्न यातलाच. साध्या काचेच्या बाटलीत जेली भरली तर काच यूव्हीबी अडवणार, आणि आत पोचणार ती चिल्लर. जेली प्रामाणिकपणे मोजेल, पण बाटलीतलं ऊन. म्हणून क्वार्ट्झ किंवा अतिनील जाऊ देणारं प्लॅस्टिक वापरतात, आणि सोबत एक कुपी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच जागी ठेवतात. तिच्यात जो रंग येईल तो उष्णतेचा आणि वेळेचा. तो उघड्या कुपीतून वजा करायचा.

कुठे उपयोगी पडते

कोड किंवा सोरायसिसवर ३११ नॅनोमीटरच्या नळ्यांनी प्रकाशोपचार करतात. (आपल्याकडे बावचीचं बी लावून उन्हात बसण्याचा उपचार जुना आहे, त्यातलं सोरालेन त्वचेला अतिनीलाबाबत हळवं करतं.) रुग्ण नळ्यांच्या कपाटात उभा राहतो आणि डोस सेकंदांत मोजला जातो. नळ्या जुन्या झाल्या की मंदावतात, सगळ्या एकसारख्या मंदावत नाहीत, आणि माणूस काही सपाट पाटी नसतो. खांद्याला किती, गुडघ्याच्या मागे किती, हे जेलीच्या छोट्या चकत्या जागोजागी चिकटवून पाहता येतं. इलेक्ट्रॉनिक मीटर एका जागी जास्त अचूक, यात वाद नाही. पण तीस जागी तीस मीटर कोण चिकटवणार?

निर्जंतुकीकरणाच्या यूव्हीसी दिव्यांचंही तसंच. २५४ नॅनोमीटरचा दिवा खोलीत लावला की पलंगाखाली, दाराच्या कडीमागे सावली पडते, आणि सावलीत जंतू सुखात राहतात. दिवा चालू आहे एवढ्यावर आपण समाधानी असतो. कडीमागे ठेवलेली जेली रंगहीनच राहिली तर ते समाधान टिकत नाही.

उन्हात काम करणाऱ्या माणसावर जेली लावायची तर कुठे लावायची, यावर मात्र अजून कुणी एक उत्तर देऊ शकलेलं नाही. डोक्यावरची टोपी सगळ्यात जास्त मोजते, पण टोपीला कर्करोग होत नाही. भातलावणीत वाकलेल्या बाईची मान आणि पाठ थेट आभाळाकडे असते आणि चेहरा खाली पाण्याकडे, जिथून थोडेसेच किरण उलटून येतात. कोरड्या वाळूवरून साधारण १५ टक्के उलटतात, समुद्राच्या फेसावरून २५, ताज्या बर्फावरून ८० पर्यंत. म्हणून हिमालयात ट्रेकला गेलेल्यांच्या हनुवटीखालची आणि नाकपुड्यांच्या आतली कातडी भाजते, जिथे क्रीम लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. संशोधक पुतळ्यांच्या डोक्यावर नाक, कान, गाल, हनुवटी असे बिल्ले लावून ते उन्हात गोल फिरवत ठेवतात. दिवसअखेर नाकाचा शेंडा बहुधा पुढे असतो.